पिकलेलं पाणी, शंभर अंगारमासे

सोमवार, ६ मार्च

— आणि दिला! पंप दिला! खोक्यातून बाहेर काढून दोन दिवस झाले नाहीत, वायरीला अजून कारखान्यातली गाठ तशीच होती, आणि माझ्या नवऱ्याने तो उचलून मोआनिबाच्या खांद्यावर ठेवला. वर बांधायला दोरी दिली. मी विहिरीवर गेले होते तेवढ्यात.

मोआनिबा त्याचा चुलतभाऊ. आला, चटईवर मांडी घातली, घरच्यांची चौकशी केली, दोन पेले नीरा प्याला आणि मग मान खाली घालून म्हणे, दादा, एक बुबुसी आहे. झालं. नात्यातल्या माणसाने बुबुसी म्हणून मागितलं की नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर मानेआबात, गावच्या सभाघरात, कुठल्या खांबाला टेकून बसणार? सगळं गाव तोंडाकडे बघतं. अशी आमची सायकल गेली. शिलाईचं मशीन गेलं. मागच्या वर्षी कौमाईच्या अंगातला शर्ट गेला, उघडा घरी आला आणि हसत होता.

पण पंप! मोआनिबाला तळ्यात पाणी सोडायचंय म्हणे. आणि माझ्या टबांत पाणी कोण फिरवणार? मी फुंकून फिरवू?

कौमाईला विचारलं. तो जाळं शिवत होता. "मागितलं त्याने," म्हणाला. एवढंच. जसं काही पाऊस आला.

रात्रीचा भात मी केला नाही. बसा म्हटलं नीरा पीत.


मंगळवार, ७ मार्च

ही वही खरं तर पाण्याची. होनोलुलूचा ओकुदा, ज्याला मासे विकायचेत तो, त्याने पाठवली. फोनवर म्हणाला, बाई, रोज लिहायचं. पाणी किती गरम, किती खारट, किती मासे मेले. मी चौथी शिकलेली, आकडे येतात मला. पण अजून पाणीच नाही तर लिहू काय? म्हणून हे लिहिते. डोकं किती गरम, ते.

आणि ठरलंय काय, ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे उद्या मला कोणी फिरवायला नको.

कौमाई एकोणतीस वर्षं अंगारमासे धरतोय. दुसऱ्यांसाठी. पाठीवर हवेचा सिलिंडर, कमरेला शिशाचा पट्टा, वीस-वीस वाव खाली. मासा बोटाएवढा, लालभडक, अंगावर काळे पट्टे — परदेशातल्या लोकांना काचेच्या पेटीत ठेवायला आवडतो. आवडो. पण खालून वर येताना घाई केली की अंगात हवा अडकते, बुडीचा वात म्हणतात. बेरेनचे दोन्ही पाय त्यातच गेले, आता खुर्चीत बसून गावाला शिव्या देतो. आणि नोव्हेंबरात कौमाईचा डावा पाय दोन दिवस नव्हताच. होता, पण नव्हता. सुई टोचली तरी कळेना. तिसऱ्या दिवशी परत आला. लगेच म्हणाला, बघ, काही नाही.

बावन्न वर्षांचा आहे. पुढच्या खेपेला परत येईलच असं पायाने मला लिहून दिलेलं नाही.

म्हणून टब. मासे धरणारे पोरगे खूप आहेत गावात, मासे जगवणारं कोणी नाही. ते आणतील, आम्ही सांभाळू, विमानात चढवू. कौमाई किनाऱ्यावर राहील. हे मी म्हटलं तेव्हा तो हसला. मग सासूबाईंसमोर म्हणाला: "शंभर मासे आठवडाभर जगवून दाखव. सिलिंडर ठेवतो खाली."

हे त्याचं बोलणं. सासूबाई साक्षीला. तारीख वर आहे.


गुरुवार, ९ मार्च

ओकुदा ३ मेच्या विमानाने येणार. स्वतः बघणार. मासे टवटवीत असले तर दर बुधवारी आमच्याकडूनच नेणार. नसले तर बसा किनाऱ्यावर शिंपले मोजत.

आठ आठवडे. आणि पंप मोआनिबाच्या तळ्यात.


शनिवार, ११ मार्च

आज मजा केली!

दिलेली वस्तू परत मागता येत नाही, ते मलाही कळतं. म्हणून मी मागितली नाही. चांगला परकर नेसले, केसांत फूल घातलं आणि मोआनिबाच्या घरी जाऊन चटईवर बसले. त्याच्या बायकोने चहा दिला. मी तळ्याचं कौतुक केलं. पोरांचं कौतुक केलं. डुकराचं पण केलं. मग मान खाली घातली आणि म्हटलं, भाऊजी, एक बुबुसी आहे. तुमच्या होडीचं इंजिन.

त्याच्या हातातला कप तसाच राहिला. चाळीस घोड्यांचं इंजिन, रोज पुसतो तो ते, बायकोला इतकं पुसत नाही. नाही म्हणता येईना, हो म्हणवेना. शेवटी म्हणाला, "वहिनी, इंजिन तुमच्या काय कामाचं? पंप न्या की."

"पंप मी कुठे मागितला?"

"नाही मागितलात. मीच देतो. माझ्या आनंदासाठी न्या."

त्याच्या आनंदासाठी आणला. तोच खांद्यावर घालून घेऊन आला, वर केतकीची दोन पिकलेली फळं. कौमाई दारात होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही, आणि मग इतके हसले की सासूबाई जाग्या झाल्या.


बुधवार, १५ मार्च

कामं झाली ती:

निळी पिंपं सहा, उभी चिरली. कौमाईने करवतीने चिरली, मी वर बसून धरली. बारा लांब टब झाले. पायऱ्यांसारखे मांडले, वरच्यातलं पाणी खालच्यात पडेल असे. शेवटी जमिनीत एक पिंप पुरलं, त्यात रेती, त्यावर मोठ्या बादलीत समुद्रातले भोकाभोकांचे दगड. पाणी त्यातून गाळून खाली, तिथून पंप वर फेकतो. गोल गोल. थांबायचं नाही.

आणि बाटल्या! अंगारमासे दोन एकत्र ठेवले की एकमेकांचे डोळे काढतात. प्रत्येकाला वेगळी खोली लागते. शाळेतून, दुकानातून, विमानतळाच्या कचऱ्यातून पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या, दोनशे अकरा. गळे कापले. मग खिळा चुलीत तापवून भोकं, एकेका बाटलीला तीस. सासूबाई पानात गुंडाळलेली तंबाखू ओढत बसून भोकं पाडतात. माझ्यापेक्षा सरळ पाडतात. म्हणाल्या, माझ्या नवऱ्याला सात भावांत मिळून एक खोली होती आणि हे मासे बघा.


गुरुवार, १६ मार्च

पाणी फिरलं. पहिल्यांदा. वरून खाली बाराही टबांतून गेलं, कुठेही अडलं नाही. मी तिथेच उभी राहिले. भात करपू दिला.


रविवार, १९ मार्च

आज काम नाही. देवळात पाद्री काय बोलले ते आठवत नाही. माझ्या कानात पंपच चालू होता.


गुरुवार, ३० मार्च

पाणी पिकत नाही अजून. ओकुदा म्हणतो, स्वच्छ दिसलं म्हणजे झालं असं नाही, पाणी पिकावं लागतं. दगडांच्या भोकांत डोळ्यांना न दिसणारे जंतू राहायला येतात, ते माशांची घाण खातात. ते यायला महिना लागतो. मी म्हटलं, आमच्याकडे न बोलावता महिनाभर राहायला येणारे पुष्कळ आहेत, हे तर उपयोगाचे तरी.

थेंबांची बाटली पाठवलीय त्याने. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे. हिरवं झालं तर विषारी. पिवळं झालं तर मासे सोडा. आज हिरवं. गडद.

पाणी २७. कौमाई गाभोळी कुटून टाकतो टबात, जंतूंना खायला. त्यांच्याशी बोलतो पण. मला वाटतं त्याला आवडायला लागलंय हे. कोणी सांगू नका त्याला मी लिहिलं म्हणून.


सोमवार, १० एप्रिल

हिरवं, पण फिकं. कौमाई म्हणतो पिवळं. मी म्हटलं तुला पोर झाली तेव्हाही तू मुलगा म्हणाला होतास.


गुरुवार, १३ एप्रिल

पिवळं! लिंबासारखं पिवळं. तीन अंगारमासे सोडले चाचणीला. खातात, हिंडतात, बाटलीच्या भोकातून शेजाऱ्याला दम देतात.

कौमाई ते आणायला गेला होता. मी किनाऱ्यावर. मासे तो एकदम वर आणत नाही, टोपली अर्ध्या वाटेवर दोरीला टांगून ठेवतो, दुसऱ्या दिवशी अजून थोडी वर. नाहीतर पोट फुगून मरतात म्हणतो. माशाला दोन दिवस लावून वर आणतो आणि स्वतः धावत येतो!

पाण्यातून वर आला तेव्हा केस कपाळावर, ऊन पाठीमागून. अजूनही देखणा दिसतो मेला. तीस वर्षं झाली. मग वाळूत बसला आणि गुडघा चोळत राहिला, मी बघत नाही असं समजून.


शनिवार, १५ एप्रिल

सकाळीच लिहून ठेवते, नंतर वेळ नाही. आज टबांचा बोताकी. नवीन होडी, नवीन घर, नवीन काही झालं की जेवण घालायचंच, पाद्रींनी दोन शब्द बोलायचे, नाच. सासूबाईंनी गेल्या महिन्यापासून धरलंय. डुक्कर मोआनिबाने दिलं, न मागता! भात तीन पातेली, नीरेची काकवी, डब्यातलं मांस. नारळाच्या झावळ्यांनी टबांवर मांडव सजवला. बायकांनी माझ्यासाठी फुलांचा मुकुट केलाय. मी म्हटलं मला नको, पंपाला घाला. घातला.


रविवार, १६ एप्रिल

तीनही मेले.

पाणी फेसाळ. वास असा की देवळातल्या बायकांच्या रांगेत उभा आहे टब.

झालं काय ते लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही. नाच सुरू झाला तेव्हा म्हाताऱ्या नेहमीप्रमाणे पावडरीचे डबे आणि सेंटच्या बाटल्या घेऊन उठल्या. चांगल्या नाचणाऱ्याच्या मानेला पावडर लावायची, अंगावर सेंट उडवायचं, हा मान. कोण नाही करत? पण सासूबाईंना काल कोणी नाचणारा दिसलाच नाही. त्या सरळ टबांकडे गेल्या. पहिल्या टबाला पावडर. दुसऱ्याला. बाराही टबांना मान दिला. मग सेंट. मागून सगळ्या बायका, एकीने केलं तर दुसरी मागे राहणार का? पाण्यावर पांढरं दुधासारखं तरंगत होतं आणि सगळे टाळ्या वाजवत होते. पाद्री पण.

मी कुठे होते? डुक्कर कापत होते.

महिनाभराचे जंतू. सगळे सेंट पिऊन मेले.

सासूबाई सकाळपासून जेवल्या नाहीत. टबांजवळ पाठ फिरवून बसल्यात. ओरडायचं होतं मला. भरपूर. जाऊन बघितलं तर त्यांच्या हातात ती सेंटची रिकामी बाटली, बघत होत्या तिच्याकडे. मी म्हटलं, आई, चला, भात खा. त्या म्हणाल्या, "तो वर राहावा म्हणून केलं गं मी. टबांना खूष केलं तर पोरगा वर राहील."

मला ओरडता आलं नाही. त्यांचाच पोरगा आहे तो, माझा नवरा व्हायच्या आधी.

रविवार आहे, तरी पाणी ओतून दिलं. देव बघून घेईल.


सोमवार, १७ एप्रिल

ओकुदाला फोन केला. सरळ सांगितलं, सासूने सेंट मारलं. काय मारलं, म्हणून त्याने दोनदा विचारलं. मग हसायला लागला, पण नंतर म्हणाला, बाई, मी ३ मेलाच येणार. तारीख हलत नाही. आधीच पिकलेले दगड कुणाकडे असतील तर आण, त्यातून आठवड्यात पिकेल. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी! तोपर्यंत कौमाई आणखी बावन्न आठवडे खाली.

पिकलेले दगड अख्ख्या बेटावर एका माणसाकडे. बनाना गावचा आंतेरेआ. वीस वर्षं मासे पाठवतोय. कौमाई त्याच्याचसाठी धरत होता मागच्या महिन्यापर्यंत, आणि ते सोडलं तेव्हा मी आंतेरेआला तोंडावर काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो मला दगड देणार म्हणे! डोक्यात घालायला देईल.


मंगळवार, १८ एप्रिल

सासूबाई नाहीत घरात. चटई नाही, चांगला परकर नाही.


मंगळवार, संध्याकाळ

आल्या! ट्रकच्या मागे बसून, चार बादल्या घेऊन, सरळ ताठ.

पहाटेच निघाल्या होत्या. आंतेरेआच्या चटईवर जाऊन बसल्या. तो काही बोलायच्या आत नातं सांगायला लागल्या. त्याची पणजी, तिची दत्तक घेतलेली मुलगी, त्या मुलीला लहानपणी कोणी दूध पाजलं, ते कुणाच्या मावशीने — दुपारचं जेवण होईपर्यंत सांगत होत्या, ट्रकवाला म्हणाला. शेवटी आंतेरेआ त्यांचा भाचा निघाला. मग बुबुसी. चार बादल्या मळकट दगड.

आंतेरेआ म्हणे पोट धरून हसला. "मावशी, मला वाटलं माझी मोटारसायकल मागताय."

त्याला काय कळत नाही का? बारा टब त्याचेच गिऱ्हाईक खाणार. कळूनच दिले. वर ओलं गोणपाट घातलं दगडांवर, जंतू सुकू नयेत म्हणून, आणि सांगितलं, सुनेला सांगा, पाणी हळू सोड.

उद्या त्याला काकवी पाठवते. मोठी बाटली. पाठवते म्हणजे पाठवतेच, बोलले ते बोलले.


शनिवार, २२ एप्रिल

फिकं हिरवं. टबांभोवती दोरी बांधलीय. दोरीच्या आत पावडर, सेंट, साबण, तेल, पाद्री — कोणी नाही. राखणीला सासूबाई स्वतः. काल मोआनिबा केसांना तेल लावून आला तर काठी दाखवली त्याला.


मंगळवार, २५ एप्रिल

काल पिवळं. आज पण पिवळं. कौमाई शंभर घेऊन आला, चार दिवस धरून दोरीला टांगून ठेवलेले. शेवटचे शंभर, म्हणाला नाही, पण मी ऐकलं.

एकेक मासा एकेका बाटलीत. थेंब थेंब नवीन पाणी देत देत, अर्धा दिवस गेला. मी आणि कौमाई समोरासमोर, टबाच्या दोन्ही बाजूंना. त्याच्या बोटांत मासा असा बसतो, जसं काही नाहीच हातात. हे कोणी शिकवलं म्हटलं. "वाचलेल्या माशांनी," म्हणाला.

संध्याकाळी उन्हात बघितलं, बारा टब, शंभर निखारे. मी काही फार हळवी बाई नाही. पण बसले जरा.

पाणी २७. खारटपणा ठीक. मेले: ०.


बुधवार, २६ एप्रिल

मेले: ०. विमान आलं आणि रिकामं गेलं. पुढच्या बुधवारी नाही जाणार रिकामं.


शुक्रवार, २८ एप्रिल

मेले: १. टब सात. कौमाईने तो हातात घेऊन उलटापालटा बघितला, डॉक्टरसारखा. वर आणताना फुगलेल्या पोटातली हवा सुईने काढतात, ते भोक चुकलं होतं म्हणाला. माझी चूक, म्हणाला. त्याने चूक म्हटलेलं मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं.

आज तो दिवसभर टबांजवळ होता. पाइपाला आवाज येत होता तो काढला. सावलीसाठी झावळ्या बांधल्या. गुडघा एकदाही चोळला नाही. मी मोजलं.


रविवार, ३० एप्रिल

मेले: १. एकूण दोन. देवळातून आल्यावर आम्ही तिघंही टबांजवळच जेवलो.


मंगळवार, २ मे

मेलेले आज दोन. टब तीन आणि टब नऊ. एकूण चार. उरले ९६. कालपासून खायला नाही, पिशवीत घाण करू नये म्हणून. उद्या ओकुदा.

झोप येणार नाही, म्हणून आता लिहून घेते: आठवडा झाला. शंभरातले चार गेले, पण शंभर म्हणजे काय शंभरच्या शंभर असतात? आंतेरेआकडे वीस-वीस मरतात. जगवले मी. बोलणं त्याचं होतं.


बुधवार, ३ मे

झालं! घेतले! सगळे!

ओकुदा छोटासा माणूस, चप्पल काढून टबांपाशी आला, हे मला आवडलं. प्रत्येक बाटली उचलून उन्हाकडे धरली. डोळे, पंख, पोट. मी मागे उभी, तोंडावर हात. सासूबाईंनी त्याला दोरीपाशी थांबवून हुंगून बघितलं, सेंट लावलंय का. त्याला हुंगायचं कारण सांगितलं, तर दोघं मिळून हसले, भाषा कळत नसताना.

त्याने मोजले ९७. माझे ९६. मी वाद घातला नाही, गिऱ्हाईक जास्त मोजत असेल तर मोजू दे.

पिशव्या भरल्या, हवा भरली, खोकी बांधली. कौमाई गाठी मारत होता, मी धरत होते. विमान उडालं तेव्हा आम्ही विमानतळाच्या कुंपणाला धरून उभे होतो, मोआनिबा, त्याची बायको, सगळे. त्या विमानात माझे मासे! मी कधी बसले नाही त्यात.

मग ओकुदाने जाताना काय म्हटलं ते. पुढच्या बुधवारपासून दीडशे हवेत. आणि कौमाईच्या हातचे सगळ्यात चांगले, एकावर ओरखडा नाही, म्हणाला. आणि हा माझा नवरा छाती फुगवून म्हणतो, "माझ्याच हातचे देतो तुम्हाला."

घरी आल्यावर म्हटलं, ठरलं काय होतं?

"ख्रिसमसपर्यंत," म्हणाला. "टब चालू होऊ देत. सोमवारी होडी काढतो. फक्त ख्रिसमसपर्यंत, तेबोरा."

मी भांडले नाही. आजच्या दिवशी नाही. मासे उडाले माझे. डुक्कर नाही तरी कोंबडी कापली आणि सगळ्यांना वाढली, आणि तो बेरेनच्या खुर्चीमागे उभा राहून नाचला, सासूबाईंनी त्याच्या मानेला पावडर लावली. हसत होता. खूप आनंद झाला आज. सोमवारची होडी डोक्यातून जात नाही, पण आनंद झाला.


गुरुवार, ४ मे

आकडे लावायला मागचं पान उघडलं. २ मे. माझ्या 'एकूण चार, उरले ९६' वर पेन्सिलीची रेघ. खाली तुझं ते वाकडं अक्षर: 'तीन. उरले ९७. टब नऊमधला झोपला होता, मी हलवला.'

म्हणजे वाचतोस. पाण्याची वही म्हणून उघडलीस, मान्य. पण २ मेपर्यंत काय फक्त आकडेच बघत आलास? गुडघ्याचं वाचलंस. वाळूतलं वाचलंस. देखणा पण वाचलंस, म्हणूनच परवापासून केस विंचरतोयस.

बरं झालं. आता हे वाच.

कौमाई, बुबुसी आहे. बायको नवऱ्याकडे बुबुसी करत नाही, भांडते, हे मला माहीत आहे. मी करते. चटईवर बसलेय, मान खाली आहे, फूल घातलंय. तुझा सिलिंडर मागते आणि शिशाचा पट्टा मागते. मला वापरायचे नाहीत. मला फक्त ते तुझ्याकडे नको आहेत.

पंप दिलास, सायकल दिलीस, अंगातला शर्ट दिलास. आजवर कोणाला नाही म्हणाला नाहीस.

होडी सोमवारी सकाळी निघायची आहे. रविवारी दिवे लागायच्या आत उत्तर दे. तोंडाने नको, तोंडाने तू ख्रिसमस म्हणतोस. इथे खाली लिही. जागा सोडलीय.